तुळस वाळली, दोष कुणाचा?

माघातली गोष्ट. बचत गटाच्या बैठकीत एक सून गप्प गप्प बसली होती. खोदून विचारलं तर डोळ्यांत पाणी. "ताई, दारातली तुळस वाळली. सासूबाई म्हणतात, माझाच हात वाईट."

मैत्रिणींनो, तुळस हे उष्ण हवेतलं झाड. थंडीत तिची वाढ मंदावते, पानं गळतात. मंजिऱ्या तशाच ठेवल्या तर सगळी ताकद बी धरण्यात जाते आणि उरतात नुसत्या काड्या. यात सुनेचा काय दोष?

मी घरी गेले. फांदी नखाने खरवडली, आत हिरवी! सासूबाईंकडे कात्री मागितली तर त्या दचकल्या, "तुळशीला कात्री?" म्हटलं, "अहो, पूजेला मंजिरी खुडतोच ना आपण?" मंजिऱ्या काढल्या, बी जपून ठेवलं. फांद्यांचा वरचा तिसरा हिस्सा पेराच्या जरा वर कापला. माती उकरून मूठभर शेणखत घातलं, कुंडी उन्हात सरकवली. खरी चूक होती रोजच्या तांब्याभर पाण्याची. माती ओली असताना पाणी ओतत राहिलं की मुळं कुजतात. आता पूजेला पळीभरच. वरची माती सुकली की मग तांब्याभर.

फाल्गुनात पेरापेरातून जोडीजोडीने फुटवे आले. सासूबाई खूश झाल्या. पण मला वाटतं, फुटवे आले नसते तरी सून निर्दोषच होती. कुंडीतली तुळस दोन-तीन वर्षांत थकतेच. तेव्हा जपलेलं बी पेरावं, घरातल्या लेकीसुनेला बोल लावू नये.