काँक्रीटचा धक्का आणि खाऱ्या पाण्याचा निवाडा

१/
तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा उद्घाटनांच्या तारखांनी लिहिला जातो. एखादे बांधकाम ‘पहिले’ ठरले की ग्रंथात त्याची नोंद होते. पुढे ते किती टिकले, हे विचारायला फारसे कोणी थांबत नाही. ही रीत किती अपुरी आहे, हे कॅलिफोर्नियातील सांता मोनिकाचा धक्का शिकवतो.

२/
एकोणिसाव्या शतकात समुद्रात आत शिरणारे धक्के बहुतांशी लाकडी खांबांवर उभे असत. त्यांचा वैरी टेरेडो. त्याला जहाजकिडा म्हणतात, पण कूळ शिंपल्याचे. बाहेरून धड दिसणारा खांब तो आतून पोखरून टाकतो. त्यात वादळी लाटांचा मारा निराळाच.

३/
अशा वेळी सलोह काँक्रीट, म्हणजे पोटात लोखंडी सळ्या असलेले काँक्रीट, रामबाण वाटले. फ्रेंच माळी जोझेफ मोनिए याने १८६७ मध्ये लोखंडी जाळीवर घडवलेल्या सिमेंटच्या कुंड्यांचे पेटंट घेतले होते. १८९२ मध्ये फ्रान्स्वा एनबिक याने आपल्या बांधकामपद्धतीचे पेटंट घेतले. खांब, तुळया आणि स्लॅब एकसंध ओतणे हे तिचे मर्म. जे किडा खात नाही आणि आगीत जळत नाही, त्याचे समुद्र काय वाकडे करणार, असा तो विश्वास होता.

४/
९ सप्टेंबर १९०९ रोजी सांता मोनिकाचा सुमारे १,६०० फूट लांबीचा, काँक्रीटच्या खांबांवरचा धक्का लोकांसाठी खुला झाला. त्याचे मूळ प्रयोजन मुळीच रम्य नव्हते: शहराच्या सांडपाण्याची नळी फुटत्या लाटांच्या पलीकडे नेणे. कौतुक मात्र अभेद्य बांधकामाचे झाले.

५/
ते कौतुक जेमतेम दहा वर्षे टिकले. खांबांतील लोखंड गंजले, काँक्रीट तडकले. अखेर १९२०-२१ मध्ये काँक्रीटचे खांब काढून तेथे क्रिओसोट मुरवलेले लाकडी खांब उभारण्यात आले. नव्या युगाचा धक्का पुन्हा लाकडावर आला.

६/
असे का झाले? सिमेंटच्या अल्कधर्मी गुणामुळे सळीवर एक अतिसूक्ष्म संरक्षक थर तयार होतो. खाऱ्या पाण्यातील क्लोराइड काँक्रीटच्या छिद्रांतून आत झिरपले की तो थर मोडतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि काँक्रीटला आतूनच फोडतो. भरती-ओहोटीमुळे आळीपाळीने भिजणाऱ्या-सुकणाऱ्या पट्ट्यात हा ऱ्हास सर्वांत वेगाने होतो. लाकडाचा शत्रू बाहेरून आला होता; काँक्रीटचा शत्रू त्याच्या पोटातच होता.

७/
या घटनेवर दोन सोपे निकाल दिले जातात. एक, जुन्या अभियंत्यांना काही कळत नव्हते. दोन, आद्य प्रयोग फसायचेच. दोन्ही अन्यायकारक आहेत. सळीवर काँक्रीटचे आवरण किती जाड हवे, मिश्रण किती घट्ट हवे, हे अशाच खांबांनी मोडून शिकवले. पण त्या शिक्षणाची फी धक्क्यावरून चालणाऱ्या माणसांनी, त्यांच्या नकळत, भरली. म्हणूनच नव्या पदार्थाला ‘चिरंतन’ म्हणणे ही केवळ अतिशयोक्ती नसते. पाहणी आणि दुरुस्ती टाळण्याची ती सोयीस्कर सबब ठरते.

८/
हा धडा कॅलिफोर्नियापुरता नाही. पणजीत मांडवीवरील नेहरू पूल जुलै १९८६ मध्ये कोसळला, तेव्हा त्याला दोन दशकेही झाली नव्हती. आतील पोलादाचा गंज हे त्यामागचे एक प्रमुख कारण मानले जाते. खारे वारे अंगावर घेणाऱ्या मुंबईच्या जुन्या इमारतींत स्लॅबचे पोपडे सुटतात, त्यांमागेही अनेकदा हेच रसायन असते.

९/
सांता मोनिकाची कथा लाकडापाशी संपली नाही. १९७३ मध्ये नगर परिषदेने धक्का पाडायचे ठरवले, तेव्हा नागरिकांनी चळवळ करून तो वाचवला. १९८३ च्या वादळांत त्याचा एक तृतीयांशाहून अधिक भाग वाहून गेला. १९९० पर्यंत पश्चिम टोक पुन्हा उभे राहिले, तेही काँक्रीटच्या आधारावर. पदार्थ तोच, दरम्यान वाढले होते ते त्याविषयीचे ज्ञान.

१०/
तेव्हा इतिहासाच्या अभ्यासकाने ‘पहिला धक्का कोणता?’ एवढ्यावर थांबू नये. तो केव्हा तडकला, कोणी तपासला, कशाने सावरला, हेही विचारावे. कोनशिला बांधणाऱ्यांचा अभिमान सांगते. बांधकामाचे खरे चरित्र दुरुस्तीच्या नोंदवहीत असते.