बोटावरचा थेंब

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) पाच वर्षांखालच्या ६७.१ टक्के मुलांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी निघाले. त्याआधी २०१६-१८ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात एक ते चार वर्षांच्या मुलांमध्ये हेच प्रमाण ४१ टक्के होते. कुटुंब सर्वेक्षणात टोचून काढलेला थेंब दारातच छोट्या यंत्रात घातला गेला. पोषण सर्वेक्षणात शिरेतले रक्त प्रयोगशाळेत गेले. एवढ्या तफावतीत पद्धतीचा वाटा मोठा आहे, असे काही पोषणतज्ज्ञ सांगत आले. सरकारने मग कुटुंब सर्वेक्षणाच्या सहाव्या फेरीतून ही तपासणीच काढून टाकली आणि शिरेतल्या रक्ताच्या वेगळ्या पाहणीकडे सोपवली. वाढता आकडा अडचणीचा होता म्हणूनही काढली असेल, हा संशय रास्तच. पण त्याने मूळ आक्षेप खोटा ठरत नाही.

यंत्राचा दोष या तफावतीत थोडा. चूक बरेचदा थेंबातच होते. रक्त येईना म्हणून बोट पिळले की ऊतींतले पाणी मिसळते आणि आकडा खाली येतो. पहिला थेंब पुसायचा राहून जातो. तपासणीच्या पट्ट्यांचा डबा उघडा राहतो आणि कोकणातल्या पावसाळ्यात त्या दमट होतात.

देशाच्या आकडेवारीसाठी न चालणारा हा थेंब उपकेंद्रात मात्र गरोदर बाईचा निकाल लावतो. हिमोग्लोबिन ७ ग्रॅमच्या खाली असेल तर मोठ्या दवाखान्यात रवानगी, वर असेल तर लोहाच्या गोळ्या. अर्ध्या ग्रॅमची चूकही तिथे महागात पडते.

म्हणून यंत्र नको, असे म्हणणे शहरातल्या माणसालाच परवडते. नळीतला रंग डोळ्यांनी जुळवायच्या जुन्या साहली पद्धतीपेक्षा ते केव्हाही बरे, आणि मेळघाटातल्या पाड्यावर प्रयोगशाळेची वाट पाहण्यात दिवस जातात. पण निविदा निघते ती यंत्राची. पट्ट्यांचा नियमित पुरवठा, यंत्राची वेळोवेळी पडताळणी आणि परिचारिकेचे प्रशिक्षण यांसाठीही तेवढ्याच तत्परतेने पैसे द्यायला हवेत. शिवाय आकडा ७च्या आसपास आला की शिरेतले रक्त घेऊन फेरतपासणी करण्याची सक्ती आरोग्य खात्याने प्रत्येक उपकेंद्राला करावी, आणि तो नमुना त्याच दिवशी तालुक्याला पोचवण्यासाठी गाडीही द्यावी.