बावट्यावरचा क्रूस आणि अंगणातला क्रूस

४ डिसेंबर २०२३ रोजी तारकर्लीच्या किनाऱ्यावर नौदल दिन साजरा झाला. नवा नौदल-ध्वज पाहून गर्दीत कोणीतरी म्हणाले, "गेलो एकदाचो तो क्रूस!" आमच्या शेजारच्या ख्रिस्ती मावशी माझ्याबरोबर होत्या. घरी येईपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मग एवढेच म्हणाल्या, "तू शिकतंस ना, मगे सांग, क्रुसान काय केल्यान?" आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, पण मला उत्तर देता आले नाही. ते आज देते.

ध्वजावर होता तो सेंट जॉर्जचा क्रूस : पांढऱ्या कापडावर काठापासून काठापर्यंत गेलेले दोन तांबडे पट्टे. जॉर्ज हा चौथ्या शतकाच्या आरंभीचा हुतात्मा. तो इंग्रज नव्हता. जिनोआ या इटलीतील बंदराचीही निशाणी हीच होती. ११८८ साली धर्मयुद्धाची तयारी करताना राजांनी ठरविले की, फ्रेंचांनी तांबडा क्रूस लावावा, इंग्रजांनी पांढरा, फ्लेमिशांनी हिरवा. धर्म तिघांचा एकच. रंग वेगळे केले ते सैन्य ओळखू यावे म्हणून! तांबडा क्रूस इंग्रजांचा झाला तो पुढे. माझे वडील मच्छीमार आहेत. लांबून येणारी होडी कोणाची, हे ते बावट्यावरून सांगतात. बावट्याचे काम तेवढेच.

२६ जानेवारी १९५० रोजी नौदलाच्या ध्वजावर युनियन जॅकच्या जागी तिरंगा आला, पण क्रूस राहिला. १५ ऑगस्ट २००१ रोजी तो काढला. मात्र नवे निळे चिन्ह समुद्र-आकाशाच्या निळाईत उठून दिसेना, म्हणून २००४ साली तो परत आला. अखेर २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत त्याची जागा शिवरायांच्या राजमुद्रेवरून सुचलेल्या अष्टकोनाने घेतली. ज्यांनी १६६४ साली सिंधुदुर्ग बांधावयास घेतला, त्यांची खूण आरमारावर असावी, याचा मालवणच्या मुलीला अभिमानच वाटणार.

पण गेला तो इंग्रजी आरमाराचा बावटा. मावशींच्या अंगणातल्या क्रुसाचा त्याच्याशी काय संबंध? त्यापुढे त्या रोज मेणबत्ती लावतात. दर्या खवळला की आणखी एक लावतात, ती माझ्या वडिलांसाठी. मित्रहो, दोन्ही आकार सारखे दिसतात म्हणून अर्थही एकच मानणे, हे शिकलेल्या माणसाला शोभत नाही.