बाकावरची पाच पोरं

थोडं स्पष्ट लिहितो. कुणा जिमखान्याच्या सरांना राग आला तरी चालेल, पण पोस्ट पूर्ण वाचा.

माझा पुतण्या पावसहून रत्नागिरीत कॉलेजला जातो. कॉलेजचं नाव लिहीत नाही. दोन वर्षं कबड्डीच्या बारा जणांत आहे. त्यात खेळला किती? एकच सामना, तोही हातातून गेल्यावर, शेवटची चार मिनिटं. हाच पोरगा मळ्यात रात्रीचे सामने असले की गावच्या संघातून पूर्ण वेळ खेळतो. उजवा कोपरा त्याचाच. गावात पकडी करतो आणि कॉलेजच्या मॅटवर पाण्याच्या बाटल्या उचलतो!

कारण काय, तर सरावाला उशिरा येतो. सराव सकाळी सहाला. पहाटेची एसटी पकडली तरी मैदानावर पोचेपर्यंत साडेसहा होतात. संध्याकाळी थांबायचं तर परतीच्या गाडीची धास्ती. ‘जो वेळेवर सरावाला तो आत’ हा नियम दिसायला स्वच्छ आहे हो. पण भाट्याच्या पुलापलीकडे शहरात राहतो तो आत आणि अलीकडचा बाकावर, असा त्याचा हिशोब होतो.

सर म्हणतात, जिंकायचं तर चांगले सातच उतरवावे लागतात. मान्य. आपल्याकडे बहुतेक स्पर्धा बाद पद्धतीच्या, एक सामना हरला की घरी. मग नवा पोरगा उतरवायची रिस्क कोण घेणार? पण वीस-वीस मिनिटांचे दोन डाव असतात, पाच राखीव असतात, बदललेला खेळाडू पुन्हा आत घेता येतो. पंधरा गुणांची आघाडी असतानाही तेच सात का? आणि न खेळवताच कोण चांगला हे कळतं कसं?

आणखी एक, सगळ्यांना ठाऊक असलेलं. त्या पाचात एखादा निव्वळ सर्टिफिकेटसाठी बसलेला असतो. ग्रेस मार्क आहेत, सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, त्यामुळे बाकालाही भाव आलाय. कोण किती मिनिटं खेळला हे कुठल्या सर्टिफिकेटवर असतं?

अमेरिकेत खेळायला मिळालं नाही की पोरं कॉलेज बदलतात, 2018 पासून त्यासाठी ट्रान्सफर पोर्टलच आहे. तिथल्या गोंधळाचं मला कौतुक नाही. पण आमच्या पोराने जायचं कुठे? लांज्याला?

मागणी मोठी नाही. गुणलेखक प्रत्येक सामन्याला असतोच, एक रकाना वाढवा आणि कोण किती वेळ खेळला ते जिमखान्याच्या फळ्यावर लावा. आठवड्यातले दोन दिवस तरी सराव लेक्चर संपल्या संपल्या ठेवा. एसटीच्या वेळा आम्ही लिहून देतो.

पुढच्या आठवड्यात आम्ही चार-पाच पालक सरांना भेटायला जातोय. गोळप, पावस, पूर्णगडकडच्या ज्यांची मुलं बाकावर आहेत त्यांनी मेसेज करा. मुलींच्या पालकांनी तर नक्कीच करा, त्यांना शेवटच्या गाडीपर्यंतसुद्धा थांबू देत नाही आपण.