वाढीचे इंजेक्शन आणि रक्तातले राखणदार

स्नायू झटपट फुगवण्याच्या नादात काही तरुण ‘आयजीएफ-१ एलआर-३’ नावाच्या कुप्या ऑनलाइन मागवतात. वेष्टनावर ‘केवळ संशोधनासाठी’ असे छापलेले असते. घेणारा ती टोचून घेण्यासाठीच घेतो. त्यातल्या ‘एलआर-३’ या अक्षरांकडे फारसे कोणी पाहत नाही. खरा धोका तिथेच आहे.

आयजीएफ-१ हा इन्शुलिनशी नाते सांगणारा वाढ-घटक. वाढीच्या संप्रेरकाच्या हुकमावरून तो मुख्यतः यकृतात तयार होतो, हाडे-स्नायू वाढवतो आणि इन्शुलिनसारखी साखरही उतरवतो. रक्तात त्याचा साठा इन्शुलिनच्या शेकडो पट असतो. एवढा सगळा मोकळा सुटला, तर साखर उतरून माणूस बेशुद्ध पडेल. तसे होत नाही, कारण सहा बंधक प्रथिने त्याला धरून ठेवतात. त्यांतले तिसऱ्या क्रमांकाचे सर्वांत कामाचे. ते, आयजीएफ आणि यकृतातूनच येणारे आणखी एक प्रथिन मिळून त्रिकूट बनते. ते इतके मोठे असते की रक्तवाहिनीबाहेर सहज पडत नाही. मोकळा आयजीएफ काही मिनिटांत नाहीसा होतो. त्रिकुटातला तासन् तास टिकतो.

‘एलआर-३’ मध्ये रेणूची रचना बदलली आहे, ती या बंधकांची पकड सैल व्हावी म्हणून. प्रयोगशाळेत पेशी वाढवताना ते सोयीचे ठरते. शरीरात मात्र राखणदारच बाजूला सारले जातात. मूळ रूपातले आयजीएफ-१ ‘मेकासर्मिन’ या नावाने २००५ पासून अमेरिकेत औषध म्हणून मान्य आहे, तेही या घटकाची तीव्र उणीव असलेल्या मुलांसाठी. साखर उतरू नये म्हणून ते खाण्याच्या आगेमागे २० मिनिटांतच द्यावे लागते. खेळाडूंना तर उत्तेजकविरोधी नियमांनुसार आयजीएफ-१ वर्ज्यच आहे.

मुलाची उंची वाढत नाही म्हणून आयजीएफ-१ची तपासणी करून घेणाऱ्या पालकांनाही या बंधकांची ओळख हवी. अहवालातला आकडा बांधलेला आणि मोकळा असा एकूण साठा सांगतो. २०१६ मध्ये स्पेन आणि पॅलेस्टाइनमधील दोन कुटुंबांतली बुटकी मुले अभ्यासली गेली. त्यांच्या रक्तात आयजीएफ-१ उलट भरपूर होते. बंधकाला तोडून ते मोकळे करणारे ‘पॅप-ए-२’ हे विकरच निकामी असल्याने माल गोदामात पडून राहत होता. अहवालातला आकडा वाचताना बालरोगतज्ज्ञ म्हणूनच बंधक-३चे प्रमाण, हाडांचे वय आणि वाढीचा आलेखही शेजारी ठेवतात.