घर राखणारीला आता कोण राखणार?

२०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका मोजल्या गेल्या. महाराष्ट्रात एवढं प्रमाण दुसऱ्या कुठल्याच जिल्ह्यात नव्हतं. या आकड्यामागे मुंबईची वाट आहे. पिढ्यानपिढ्या पुरुष गिरणीत, गोदीत कामाला गेले आणि बायका मागे राहिल्या. लावणी त्यांनी केली, गुरं त्यांनी राखली, सासूसासऱ्यांचं दुखलंखुपलं त्यांनी पाहिलं, येईल त्या मनीऑर्डरीत घर चालवलं. मंडणगडपासून राजापूरपर्यंत वाडीवाडीत आज त्याच बाया सत्तरी-पंच्याहत्तरीच्या झाल्या आहेत. कितीतरी घरांना कुलूप लागलेलं नाही ते केवळ त्यांच्यामुळे.

त्यांना तब्येत विचारा, उत्तर ठरलेलं: "बरी हाय. वय झालं आता." या दोन वाक्यांखाली किती दुखणी गाडलेली आहेत! चिखलात वाकून वाकून कंबर गेली. डोक्यावर हंडे घेऊन घाटी चढताना गुडघे गेले. चुलीच्या धुराने छाती भरली. आणि जे कुणालाच सांगितलं जात नाही तेही आज उघड बोलू या. बाळंतपणानंतर पुरती विश्रांती न मिळता जड उचलावं लागलं, म्हणून कित्येकींचं अंग बाहेर येतं. खोकला आला की लघवी सुटते. ती बाई मग एसटीत बसायचं टाळते, लग्नाकार्याला जात नाही, फडकी गुपचूप धुते, आणि सुनेलाही कळू देत नाही.

बायांनो, याला इलाज आहे! व्यायाम आहे, रिंग बसवता येते, गरज पडली तर शस्त्रक्रिया होते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात मोफत होते. रक्तदाबाची गोळी "बरं वाटतंय" म्हणून बंद करायची नसते, एवढं वेळेवर कुणी समजावलं तर कितीजणी लकव्यापासून वाचतील. "वय झालं" हे निदान यापुढे आपण मान्य करायचं नाही.

हक्कही आहेत. सत्तरी गाठलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार मोफत आहेत. पंच्याहत्तरीनंतर एसटीचा प्रवास फुकट आहे. मुलांनी टाकलं, तर २००७च्या कायद्याने प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे चरितार्थ मागता येतो. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे. पण कागदावरचा हक्क वाडीपर्यंत चढून येत नाही. कार्ड काढायला बसावं, तर आयुष्यभर राबून झिजलेला अंगठा यंत्राला ओळखू येत नाही, आणि ओटीपी जातो मुंबईतल्या मुलाच्या मोबाइलवर!

म्हणून चाकरमान्यांनो, पहिली हाक तुम्हाला. तुमच्या मुंबई मंडळांनी गावोगावी देवळांचे जीर्णोद्धार केले, सभामंडप उभारले. वर्गणी काढायची ताकद तुमच्यात आहे. तीच ताकद एकदा आईच्या डोळ्यांसाठी, गुडघ्यांसाठी लावा. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते, दुबळ्यातल्या दुबळ्याचं अंगणही चुकवत नाही. मग रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन वाडीतली पोरं घरोघर का जाऊ नयेत? गणपतीला आलात की निदान एक दिवस आईला दवाखान्यात न्या, तिचं कार्ड काढा, तिच्या गोळ्यांची चिठ्ठी शेजारणीला समजावून द्या.

दुसरी हाक गावाला. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला १० टक्के वाटा महिला व बालकल्याणासाठी असतो. म्हातारी बाईही महिलाच आहे, हे सरपंचांना ठणकावून सांगा. एकट्या राहणाऱ्या बायांची यादी करा, महिन्यातून एकदा त्यांना आरोग्य केंद्रात नेणारी गाडी ठरवा, बचतगटाच्या बैठकीत आरोग्यसेविकेला बोलवा. आशाताई एकटी किती वाड्या चढणार?

आणि शेवटची हाक तुम्हाला, माझ्या आयांनो. आयुष्यभर घरच्या सगळ्यांना वाढून उरलं तेवढं खाल्लंत. दुखण्यातही तेच केलंत. आता पुरे! सोसण्याने पुण्य लागत नाही, रोग वाढतो. दुखतंय ते मोठ्याने सांगा. येत्या ग्रामसभेत पुढच्या रांगेत बसा, आणि तुमच्या आरोग्याचा ठराव इतिवृत्तात लिहिल्याशिवाय उठू नका.