पैसा कोणाच्या हातून येतो?



सरकार दरमहा खात्यात पैसे जमा करू लागल्यापासून आपल्या वस्त्यांतून एकच प्रश्न ऐकू येतो : हप्ता आला काय? प्रश्न रास्त आहे. परंतु त्याच्या आधीचा एक प्रश्न आहे आणि तो आपल्या समाजाने इतर कोणाहीपेक्षा अधिक आग्रहाने विचारावयास हवा. हा पैसा कोणाच्या हातून येतो, आणि तो हात आखडला तर कोणत्या कायद्याने आपण तो उघडावयास लावणार? चलन कसे असावे, नागरिकापर्यंत ते कसे पोहोचावे, यावर आज जगभर वाद चालू आहे. तो पंडितांचा विषय आहे असे समजून आपण त्यापासून दूर राहू नये. कारण एक निराळी चलनपद्धती आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान् पिढ्या अंगावर सोसली आहे.

तिचे नाव बलुते. महाराने चाकरी करावयाची ती सरकारची : टपाल पोहोचवावयाचे, सारावसुलीच्या वेळी राबावयाचे, दौऱ्यावरील अंमलदाराची सरबराई करावयाची. मोबदला मात्र द्यावयाचा रयतेने, खळ्यावर, सुगीच्या दिवसांत, आणि तोही तिच्या मर्जीप्रमाणे. महाराने मान वर केली, अंगावर चांगले वस्त्र घातले, मेलेले जनावर ओढण्यास नकार दिला, की बलुते बंद. त्यासाठी कोर्ट नको, नोटीस नको. शिवाय धान्य खाता येते, पण खळ्यावरच्या मूठभर धान्यावर मुंबईचे तिकीट मिळत नाही. ज्या मोबदल्याने माणूस गाव सोडून जाऊ शकत नाही, तो मोबदला नव्हे. ते दावे होय.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे बिल मांडले, ते या दाव्यावरच. बलुत्याऐवजी रोख रकमेचा कर बसवावा, सरकारने तो साऱ्याबरोबर वसूल करावा आणि महाराला त्याचे पैसे सरकारातून मिळावेत, अशी त्यात योजना होती. देणारी रयत तीच, घेणारा महार तोच. बदलणार होता तो मधला हात. खळ्यावर उभे राहून याचना करणारा माणूस तिजोरीवर हक्क सांगणारा झाला असता. एवढ्याशा बदलाला केवढा विरोध झाला! बिल अखेर मागे घ्यावे लागले आणि ही वतने जाण्यास १९५८ चा निर्मूलन कायदा यावा लागला. नागरिकापर्यंत पैसा पोहोचविण्याच्या पद्धतीत सुधारणा म्हणजे काय, हे ज्याला समजून घ्यावयाचे असेल त्याने परदेशी ग्रंथ उघडण्यापूर्वी हे बिल वाचावे.

त्याआधी पाच वर्षे, १९२३ साली, बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ लंडनला प्रसिद्ध झाला होता. आपल्या सभांतून सर्रास सांगितले जाते की रिझर्व्ह बँक त्या ग्रंथातून जन्मली. वकिलाने पुराव्याबाहेर बोलू नये. बाबासाहेबांनी हिल्टन यंग कमिशनपुढे साक्ष दिली. कमिशनने १९२६ साली मध्यवर्ती बँकेची शिफारस केली. बँक १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली. बाबासाहेबांची स्वतःची योजना मात्र वेगळी होती : टांकसाळ जशी १८९३ पासून लोकांना बंद आहे तशी ती सरकारलाही बंद व्हावी, सोन्याचे नाणे निघावे आणि रुपयांची संख्या वाढविण्याचा अधिकार कोणाच्याच मर्जीवर राहू नये. आज सोन्याच्या नाण्याकडे कोणी परतणार नाही, परतूही नये. परंतु त्यामागील विचार जुना झालेला नाही. चलन काढणाऱ्याची लहर आवरली नाही तर महागाई होते, आणि ज्याची मिळकत ठरावीक त्याच्या पोटावर ती पहिली येते. व्यापारी भाव वाढवतो. मजूर काय वाढवणार?

हेच सूत्र घेऊन आजच्या हप्त्यांकडे पाहा. २००७ साली नव्याने सुरू झालेल्या राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेत केंद्राचा वाटा दरमहा २०० रुपये होता. पंधरा वर्षे उलटून गेली तरी ऐंशी वर्षांखालील वृद्धांसाठी तो २०० च राहिला. त्याच काळात सरकारी नोकराचा महागाई भत्ता निर्देशांकाबरोबर चढत गेला. नोकराला तो मिळू नये असे मी म्हणत नाही. पण एकाच सरकारचा रुपया नोकराच्या घरी वाढतो आणि म्हाताऱ्याच्या घरी आटतो, याला न्याय कसे म्हणावे?

आता आपल्या मुळशीकडे या. १९२१ च्या रामनवमीला येथे धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांचे नाव सर्वांस ठाऊक आहे. टाटा कंपनीला मुंबईच्या विजेसाठी नीला-मुळेचे खोरे हवे होते आणि १८९४ चा भूसंपादन कायदा तिच्या पाठीशी होता. या लढ्याची एक बाजू शाळेच्या पुस्तकांत येत नाही. कागदोपत्री ज्यांच्या नावावर जमिनी होत्या त्यांत पुण्यास राहणारे सावकार बरेच होते. नांगर धरणारा मावळा त्यांचा कूळ झाला होता. भरपाईच्या भाषेने सावकाराचे समाधान होऊ शकत होते, कारण त्याला जमीन म्हणजे रक्कमच होती. कुळाला जमीन म्हणजे भाकर होती. आणि ज्याचा जमिनीत कसलाच कायदेशीर हितसंबंध नव्हता, त्या मजुराचे व गावकामगाराचे त्या कायद्यात नावच नव्हते. पैसा खोऱ्यात आला हे खरे. पण तो कागदाच्या वाटेने आला, आणि ज्यांच्याजवळ कागद नव्हता त्यांच्या दारावरून पुढे गेला. ही चूक कायद्याच्या पुस्तकात दुरुस्त होण्यास २०१३ साल उजाडले. त्या वर्षीच्या भूसंपादन कायद्याने, संपादनापूर्वी तीन वर्षे त्या भागात राबणाऱ्या व त्यावरच उपजीविका असणाऱ्या शेतमजुरास, कुळास, कारागिरासही बाधित कुटुंब मानले. मधल्या काळात किती खोरी बुडाली, हे वेगळे सांगावयास नको.

म्हणून आजची थेट खात्यात पैसे देण्याची पद्धत मला मुळात स्वागतार्ह वाटते. १ जानेवारी २०१३ पासून केंद्राने ती सुरू केली. २०१४ साली जनधन खाती निघाली. २०२४ च्या जुलैपासून राज्याने २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या भगिनींना दरमहा १५०० रुपये देऊ केले. पाटील नाही, सावकार नाही, मुकादम नाही. बाईचा पैसा बाईच्या खात्यात. कोणी म्हणतात, फुकटच्या पैशाने माणूस आळशी होतो. इनामदारांच्या सात पिढ्या बसून खात होत्या तेव्हा ही चिंता कोणास वाटल्याचे माझ्या वाचनात नाही.

तथापि माझा आक्षेप निराळा आहे. ही मासिक योजना शासन निर्णयाने आली. एका शासन निर्णयाने आलेली गोष्ट दुसऱ्या शासन निर्णयाने जाऊ शकते, अटी बदलू शकतात, नावे गळू शकतात. याच राज्याने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला होता, १९७२ च्या दुष्काळातील कामांच्या अनुभवावरून. त्यात काम मागणे हा हक्क होता आणि काम न दिल्यास बेकारी भत्त्याची तरतूद होती. रक्कम कदाचित लहान असेल, पण ती कलमावर उभी होती. मर्जीवर मिळणारा पैसा खात्यात आला म्हणून हक्क होत नाही. खळे तेवढे बदलते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ पासून सामान्य लोकांसाठी डिजिटल रुपयाचा प्रयोग सुरू केला. तो कागदाचा नव्हे, पण बँकेतील ठेवही नव्हे. खुद्द रिझर्व्ह बँकेचे देणे आहे. उद्या या मार्गाने प्रत्येक नागरिकाला थेट पैसा देता येईल, आणि ते चांगलेच होईल. परंतु अशा रुपयाला अट चिकटविण्याचीही सोय होऊ शकते, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत बँकेने तसे प्रयोग जाहीर केले : हा रुपया खतावरच खर्च व्हावा, अमक्या तारखेपर्यंतच चालावा. ऐकण्यास सोयीचे वाटते. पण नाण्याचा मोठा गुण हा होता की ते आपल्या हाती आले की देणाऱ्याचा त्यावरील अधिकार संपत असे. जुना दुकानदार आपल्या नाण्यावर पाणी शिंपडून ते घेई, पण घेई. त्या नाण्याने आपल्या माणसाने पाटी-पेन्सिल विकत घेतली, रेल्वेचे तिकीट काढले. अट चिकटलेला रुपया हा रुपयाच्या वेषातील बलुते होय. तो स्वीकारण्यापूर्वी, अट कोण घालणार आणि ती कोणत्या न्यायालयात तपासता येणार, हे विचारले पाहिजे.

तोपर्यंत घरातील व्यवहार पक्का ठेवा. खाते बाईच्या स्वतःच्या नावे असू द्या. पासबुक व कार्ड कोणा मध्यस्थापाशी ठेवू नका, मग तो नात्यातला का असेना. हप्ता थांबला तर तोंडी चौकशीवर विसंबू नका. पौडच्या तहसील कचेरीत लेखी अर्ज द्या व पोच घ्या. कारण कळत नसेल तर माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली, ज्या कार्यालयाकडे योजना आहे तेथे, आपले नाव कोणत्या निकषाने वगळले ते विचारा. अर्जास १० रुपये फी आहे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास तीही नाही. उत्तर ३० दिवसांत यावयास हवे. न आल्यास पुढील ३० दिवसांत वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिले अपील करता येते आणि त्यासाठी वकील लागत नाही.